जाडी मी, मग काळजी ह्यांची का?

वाचकाचं पत्र

डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी बेळगावात अनगोळला राहते, वय ४३. ह्यांचं वय ४८, उद्यमबागेत मशिन शॉपला आहेत. गेल्या महिन्यात कारखान्यात तपासणी शिबिर झालं, घरच्यांनाही बोलावलं होतं म्हणून मीही गेले. रक्त, सोनोग्राफी सगळं झालं. माझं वजन ८२, उंची पाच फूट दोन. ह्यांचं वजन ७४, उंची पाच फूट सात, नुसतं पोट तेवढं पुढं आलंय. सोनोग्राफीत मला ग्रेड २ फॅटी लिव्हर निघालं आणि ह्यांना ग्रेड १. रक्त मात्र दोघांचंही नॉर्मल, एकाही आकड्यापुढं खूण नाही. तिथल्या मॅडम कन्नडमधून भराभर सांगून गेल्या, मला एवढंच कळलं की वजन कमी करा. तेव्हापासून घरात मीच आजारी. ह्यांना काही म्हटलं की, "तुझंच बघ की आधी, मला काय धाड भरलीया?" ह्यांना पाच वर्षं शुगर आहे, गोळी चालू आहे. शनिवारी मित्रांत बसतात, एक क्वार्टर, जास्त नाही. सासरे पोटात पाणी होऊन गेले, त्यांनी तर जन्मात दारूला हात लावला नव्हता. आता लॅबवाल्यांचे फोन येतात, फॅटी लिव्हरची स्पेशल रक्ततपासणी करून घ्या, पॅकेज आहे. जाऊबाई म्हणतात गुळवेलीचा काढा घे. रक्त नॉर्मल आहे तर सोनोग्राफी खोटी का? आणि ग्रेड २ म्हणजे माझं लिव्हर अर्धं गेलं का? रिपोर्टचे फोटो सोबत पाठवलेत.

— एक भगिनी, अनगोळ

उत्तर

ताई, रिपोर्टचे फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. पुष्कळ पत्रांत नुसतं 'सगळं नॉर्मल आलंय' एवढंच लिहिलेलं असतं आणि त्या एका शब्दावर मला काहीच सांगता येत नाही. तुमचे दोघांचे आकडे मी दोनदा वाचले, मग कागद-पेन घेऊन हिशेब केला.

तुमच्या जिवाला घोर लावलेली गोष्ट आधी सांगते. ग्रेड २ म्हणजे लिव्हर अर्धं गेलं, असं मुळीच नाही. आणि दुसरी गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगायला हवी. तुमच्या घरातून आधी डॉक्टरांकडे जायला हवं ते यजमानांनी, तुम्ही नव्हे.

सोनोग्राफी खोटी नाही आणि रक्तही खोटं नाही. दोन्हींना प्रश्नच वेगवेगळे विचारलेत. सोनोग्राफीला विचारलं, लिव्हरमध्ये चरबी दिसते का? चरबी साठलेलं लिव्हर पडद्यावर पांढरं, उजळ दिसतं. ते किती उजळ आणि त्यामुळे आतल्या शिरा किती झाकल्या गेल्या, यावरून ग्रेड १, २, ३ लिहितात. म्हणजे ग्रेड हे चरबीचं माप झालं, तेही डोळ्यांनी अंदाजानं घेतलेलं. दोन डॉक्टरांनी एकच लिव्हर बघितलं तर एक ग्रेड १ लिहील, दुसरा ग्रेड २. शंभरातल्या पाचाहून जास्त पेशींत चरबी असली की फॅटी लिव्हर म्हणतात, पण ती वीस-तीस टक्क्यांच्या खाली असेल तर साध्या सोनोग्राफीला बऱ्याचदा दिसतच नाही. त्यामुळे 'ग्रेड १ म्हणजे किरकोळ' आणि 'ग्रेड २ म्हणजे गंभीर' असा अर्थ लावून यजमान निर्धास्त आणि तुम्ही धास्तावलेल्या, हे दोन्ही चुकीचं आहे.

कारण माणूस लिव्हरमधल्या चरबीनं दगावत नाही. चरबीमुळं पेशींना सूज येते, ती वर्षानुवर्षं राहिली की जिथं जिथं इजा झाली तिथं वण धरतात. भाजलेल्या जागी कातडी घट्ट, ताठ होते ना, तसं लिव्हर आतून ताठ होत जातं. रिपोर्टवर त्याला फायब्रोसिस लिहितात आणि त्याची शेवटची पायरी म्हणजे सिरोसिस. चरबी असलेल्यांतले बहुतेक लोक त्या पायरीपर्यंत कधीच पोचत नाहीत. काहीजण पोचतात, आणि ते कोण हे अंगावरच्या चरबीकडे बघून ओळखता येत नाही. म्हणून विचारायचा प्रश्न 'चरबी किती' हा नसून 'वण धरायला लागलेत का' हा आहे. रक्ताला हा प्रश्न विचारता येतो, पण शिबिरात तो कुणी विचारलाच नाही.

आता तुमच्या रिपोर्टमधल्या एसजीओटी आणि एसजीपीटी या दोन ओळी बघा. (नवीन लॅब यांनाच एएसटी आणि एएलटी लिहितात.) हे लिव्हरच्या पेशींच्या आत काम करणारे पदार्थ आहेत. पेशीला इजा झाली की ते बाहेर झिरपून रक्तात येतात. म्हणजे आकडा आज किती गळती होते तेवढंच सांगतो. गेल्या दहा वर्षांत आत काय झालं ते तो सांगत नाही. फॅटी लिव्हर असलेल्या कितीतरी लोकांचा एसजीपीटी अगदी नॉर्मल असतो. वण पुष्कळ वाढल्यावर तर तो उलट खालीही येतो.

शिवाय 'नॉर्मल' कशाला म्हणायचं हाही प्रश्नच आहे. तुमच्या लॅबनं एसजीपीटीची वरची मर्यादा ५० छापलीय. पण खरोखर निरोगी लिव्हर असलेल्या पुरुषांत तो साधारण ३३ च्या आत आणि बायकांत २५ च्या आत असतो, असं लिव्हरच्या तज्ज्ञांचं म्हणणं आहे. यजमानांचा ४९ आहे. ५० च्या आत बसला म्हणून मशिननं खूण केली नाही, एवढंच.

इथं मला माझी एक चूक सांगावीशी वाटते. प्रॅक्टिसच्या सुरुवातीची कितीतरी वर्षं मीसुद्धा एसजीपीटी चाळिसाच्या आसपास बघितला की म्हणत असे, "काही नाही, तेल-तूप जरा कमी करा." तो कागद घडी घालून पेशंटच्या खिशात जायचा आणि पेशंट पुन्हा यायचा तो चार-पाच वर्षांनी, पाय सुजल्यावर. त्या कागदावर त्याच दिवशी आणखी दोन आकडे होते आणि ते एकत्र वाचायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. म्हणूनच आज तुमच्याशी इतकं सविस्तर बोलतेय.

तो हिशेब असा. त्याला फिब-४ म्हणतात. चार गोष्टी लागतात: वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी. चारही तुमच्याकडे आहेत, वेगळा पैसा लागत नाही. वयाला एसजीओटीनं गुणायचं. मग एसजीपीटीचं वर्गमूळ काढून त्याला प्लेटलेटनं गुणायचं. (प्लेटलेट हजारात घ्यायच्या, म्हणजे २.९० लाख असतील तर २९०.) पहिल्या उत्तराला दुसऱ्या उत्तरानं भागायचं.

तुमचं बघू. वय ४३, एसजीओटी २४, गुणाकार १०३२. एसजीपीटी २५, त्याचं वर्गमूळ ५, प्लेटलेट २९०, गुणाकार १४५०. भागाकार आला ०.७१.

आता यजमानांचं. वय ४८, एसजीओटी ४२, गुणाकार २०१६. एसजीपीटी ४९, वर्गमूळ ७, प्लेटलेट १८०, गुणाकार १२६०. भागाकार १.६.

१.३ च्या खाली असेल तर मोठे वण असण्याची शक्यता फार कमी. २.६७ च्या वर असेल तर वण असण्याची शक्यता बरीच, थेट लिव्हरच्या डॉक्टरांकडे जायचं. मधल्या पट्ट्यात असेल तर रक्त एवढ्यावर निकाल देऊ शकत नाही, पुढची तपासणी हवी. तुमचा ०.७१ आहे, ग्रेड २ असूनसुद्धा. यजमानांचा १.६ आहे, ग्रेड १ असूनसुद्धा. रक्ताचे तिन्ही आकडे एकेकटे बघितले तर लॅबच्या लेखी नॉर्मल. एकत्र मांडले की चित्र पालटतं.

प्लेटलेटचा लिव्हरशी काय संबंध, असं तुमच्या मनात येईल. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला हे समजावायला फार शब्द लागत नाहीत. चिकोडी, अथणीकडच्या माणसाला विचारा, धरणाचा फुगवटा म्हणजे काय. पुढं पाणी अडलं की मागच्या शेतांत चढतं. आतड्यांकडून येणारं सगळं रक्त एका मोठ्या शिरेनं लिव्हरमध्ये शिरतं. लिव्हर वणांनी ताठ झालं की ते रक्त पुढं सरकायला अडतं आणि मागं फुगवटा धरतो. त्याच वाटेवर डाव्या बाजूला प्लीहा आहे, जुनी माणसं पानथरी म्हणायची. फुगवट्यानं ती सुजते आणि रक्तातल्या प्लेटलेट स्वतःत अडकवून ठेवते. शिवाय प्लेटलेट बनवायचा हुकूम देणारा पदार्थही लिव्हरच तयार करतं, तोही कमी पडतो. म्हणून लिव्हरमध्ये वण वाढत असतील तर प्लेटलेट हळूहळू उतरू लागतात. यजमानांच्या १.८० लाख आहेत. दीड लाखाच्या वर म्हणून लॅबनं नॉर्मल लिहिलं, आणि एकट्या त्या आकड्यावर मीही काही म्हटलं नसतं. पण दोन-तीन वर्षांपूर्वीचा एखादा जुना रिपोर्ट घरात असेल तर काढून बघा. तेव्हा अडीच लाख असतील आणि आता १.८० असतील, तर ते उतरणं डॉक्टरांना जरूर दाखवायचं.

या हिशेबाची मर्यादाही सांगते, नाहीतर तुम्ही उद्या सगळ्या गल्लीचं फिब-४ काढून द्याल. हे सूत्र २००६ साली एचआयव्ही आणि हेपेटायटिस सी असे दोन्ही आजार असलेल्या पेशंटसाठी बांधलं गेलं, फॅटी लिव्हरला ते लागू पडतं हे पुढं कळलं. पस्तिशीच्या आतल्या माणसाला ते नीट लागू पडत नाही, वयच कमी असल्यानं उत्तर खाली येतं आणि खोटा दिलासा मिळतो. पासष्टीनंतर उलट, म्हणून तिथं १.३ ऐवजी २ ही सीमा धरतात. पावसाळ्यात कुणाला डेंग्यू झाला असेल, तर त्या काळातल्या प्लेटलेटवर हा हिशेब करायचाच नाही. एसजीओटी स्नायूंतही असतो. आदल्या दिवशी जड कास्टिंग उचलून पाठ धरलेल्या माणसाचा तो वाढलेला दिसू शकतो. यजमानांना हे दोन प्रश्न नक्की विचारा: शिबिराच्या आधी ताप आला होता का, आणि त्या आठवड्यात कामाचा जोर होता का? काही असलं तरी घाबरू नका, काही आठवड्यांनी सकाळी, विश्रांतीच्या दिवसानंतर पुन्हा रक्त द्यायचं.

पण काही नसलं तर थांबू नका. माझं यजमानांकडे लक्ष गेलं ते एकट्या १.६ मुळे नाही. त्यांना पाच वर्षं शुगर आहे, आणि शुगर असलेल्या माणसाच्या लिव्हरमध्ये वण लवकर धरतात. पोट पुढं आहे. तुम्ही म्हणता ते जाड नाहीत, पण उंची-वजनाचा हिशेब केला तर त्यांचा बीएमआय साडेपंचविसाच्या वर जातो. आपल्या भारतीय अंगकाठीसाठी २५ च्या पुढं लठ्ठपणाच धरतात. आपली माणसं हातापायांनी बारीक राहतात आणि चरबी पोटात, आतड्यांभोवती, लिव्हरमध्ये साठवतात. कंबर बेंबीच्या पातळीला टेपनं मोजा. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० सेंटिमीटर ही आपल्याकडची सीमा आहे. वजनकाट्यापेक्षा मला त्या टेपचं जास्त वाटतं.

आणि तुमचे सासरे. हे वाक्य तुम्ही पत्राच्या ओघात सहज लिहून गेलात. मला मात्र तिथंच थांबावंसं वाटलं. पोटात पाणी होणं, जलोदर, म्हणजे बहुधा सिरोसिस. आपल्याकडे लिव्हर खराब झालं म्हटलं की लोकांच्या नजरा बाटलीकडे जातात. दारू न पिणाऱ्या घरात असं झालं की घरचे लोक वर्षानुवर्षं मान खाली घालून फिरतात. त्यांना शुगर होती का? पोट सुटलेलं होतं का? त्या काळी कुणी तपासलंही नसेल. हा आजार घराण्यात चालतो. वडिलांना सिरोसिस झाला असेल तर मुलाचं लिव्हर जास्त काळजीनं बघावं लागतं.

आता शनिवारच्या क्वार्टरबद्दल. एका क्वार्टरमध्ये, म्हणजे १८० मिलिलिटर व्हिस्कीत, साठेक ग्रॅम शुद्ध दारू असते. आठवड्याला एवढीच असेल तर डॉक्टर याला दारूचा आजार म्हणणार नाहीत. पण चरबी, शुगर आणि दारू हे तिघं एकाच लिव्हरवर बसले की त्यांचं ओझं एकमेकांत मिसळतं. साठ ग्रॅम एकाच रात्री घेणं तर आणखी वाईट. शनिवारी बसणं म्हणजे त्यांचे मित्र, दिवसभर मशिनपुढं उभं राहिल्यावरचा एक मोकळा श्वास, हे मला कळतं. बैठक मोडा असं मी म्हणत नाही. बैठकीतली बाटली मात्र, निदान पुढची तपासणी होईपर्यंत तरी, पूर्ण बंद हवी. आणि डॉक्टरांसमोर तुम्ही 'कधीमधी घेतात' असं म्हणून झाकू नका. किती, किती दिवसांनी, किती वर्षं, हे त्यांच्याच तोंडून येऊ द्या.

डॉक्टरांकडे गेल्यावर काय होईल? आधी हेपेटायटिस बी आणि सी या दोन तपासण्या होतील, एकदाच करायच्या असतात, आणि दुसरं कारण नाही ना याची खात्री होते. सोबत तीन महिन्यांची सरासरी शुगर, कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी. मग बहुधा फायब्रोस्कॅन सांगतील. हे सोनोग्राफीसारखंच, उजव्या बरगड्यांमध्ये टोक टेकवून हलके धक्के देतात आणि लिव्हर किती ताठ आहे ते किलोपास्कलमध्ये मोजतात. दुखत नाही, दहा मिनिटांत होतं, फक्त तीन तास आधी काही खायचं नाही. आकडा ८ च्या खाली आला तर मोठे वण नाहीत असं धरतात. हे यंत्र प्रत्येक दवाखान्यात नसतं, म्हणून आधी फोन करून विचारा आणि मगच कामावरची रजा टाका. चिठ्ठीवर 'एमएएसएलडी' असं काही लिहिलेलं दिसलं तर नवा आजार समजू नका. २०२३ मध्ये फॅटी लिव्हरचं नाव बदललं, कारण जुन्या नावात 'दारू नसलेला' एवढंच होतं आणि खरं कारण, म्हणजे शरीराचं बिघडलेलं साखर-चरबीचं गणित, त्यात नव्हतं.

तिथंही कुणी कन्नडमध्ये भराभर बोललं तर 'स्वल्प निधान हेळ्री' म्हणायला लाजू नका. आपल्या भागात दोन्ही भाषांची माणसं एकाच बाकावर बसून नंबरची वाट बघतात. हळू सांगा म्हटलं तर कुणी रागावत नाही, आणि आजार ज्याचा त्याला तो कळलाच पाहिजे. विचारायचा प्रश्न एकच, 'फायब्रोसिस आहे का?' हा शब्द दोन्हीकडे सारखाच आहे.

लॅबवाल्यांच्या फोनचं काय करायचं? फॅटी लिव्हरसाठी खास रक्ततपासण्या आहेत हे खरं. एकीत लिव्हरच्या पेशी मरताना त्यांचा सांगाडा मोडतो, त्या सांगाड्यातल्या सीके-१८ नावाच्या प्रथिनाचे तुकडे मोजतात. त्यावर कितीतरी वर्षं अभ्यास चालू आहे, पण एकट्या तिच्या जोरावर निर्णय घेण्याइतकी ती पक्की ठरलेली नाही. दुसरी ईएलएफ, वण धरताना रक्तात येणारे तीन पदार्थ मोजते. ती उपयोगाची आहे, पण फिब-४ मध्ये संशय आला आणि फायब्रोस्कॅन मिळत नाही अशा वेळी, तेही डॉक्टरांनी सांगितली तर. कंबर, बीएमआय, ट्रायग्लिसराइड आणि जीजीटी (लिव्हरचाच आणखी एक रक्तातला आकडा) यांच्यावरून चरबीचा अंदाज देणारा एक इंडेक्सही आहे, पण तुमची चरबी सोनोग्राफीत दिसलीच आहे, मग ती आहे का हे पुन्हा कशाला विचारायचं? ते पॅकेजचे पैसे सध्या फायब्रोस्कॅनसाठी बाजूला ठेवा.

जाऊबाईंचा काढा मात्र थांबवा. त्यांनी मायेनं सांगितलं, हे मला कळतं. पण कोरोनाच्या काळात घरोघरी गुळवेल घेतली जात होती, तेव्हा लिव्हरला सूज आलेल्या काही पेशंटची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी केली होती. त्यावर वाद झाले. तरी आधीच ज्याच्या लिव्हरबद्दल शंका आहे त्यानं तो धोका का घ्यावा? लिव्हर 'साफ' करणाऱ्या बाटल्या, चूर्ण, कुठल्यातरी पावडरी, सगळ्यांना हेच लागू. आणि उलट बाजूनंही एक सांगते. यजमानांना डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी दिली तर 'लिव्हर खराब आहे, गोळी कशाला' म्हणून बंद करू नका. फॅटी लिव्हरच्या पेशंटला लिव्हरइतकाच, खरं तर त्याहून जास्त, धोका हृदयाचा असतो आणि ती गोळी हृदयाला सांभाळते.

औषध नाही का, असं विचाराल. आहे. अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये रेसमेटिरोम आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड या औषधांना या आजारासाठी मान्यता मिळाली. पण ती मध्यम ते बऱ्यापैकी वण असलेल्यांसाठी, सिरोसिस झालेल्यांसाठी नाहीत, आणि त्यांच्यासोबतही वजन उतरवावंच लागतं. त्यामुळे आधी वण किती ते कळू दे.

आता तुमच्याकडे वळते, ताई. लिव्हरचा आकडा खाली आला म्हणून तुमची सुटका झाली असं मी म्हणणार नाही. ८२ किलो वजन, बीएमआय ३३, ग्रेड २. पुढं शुगर, बीपी, गुडघे, सगळं याच वाटेवर उभं आहे. शिबिराच्या रिपोर्टमध्ये तुमची तीन महिन्यांची सरासरी शुगर आणि थायरॉइड दिसलं नाही, ते करून घ्या. थायरॉइड मंद असेल तर वजनही वाढतं आणि लिव्हरमध्ये चरबीही. तिशीच्या पुढच्यांची बीपी-शुगर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत बघतात. २०२१ पासून फॅटी लिव्हरही केंद्र सरकारच्या त्या तपासणी कार्यक्रमात घेतलंय, तेव्हा तिथं विचारायला संकोच नको. आणि फिब-४ दोन वर्षांनी पुन्हा काढा.

वजनाचं म्हणाल तर पंधरा-वीस किलोचा डोंगर डोळ्यांपुढं आणू नका. वजनाच्या पाच टक्के उतरलं तरी लिव्हरमधली चरबी कमी होते. तुमच्यासाठी ते चार किलो. सात ते दहा टक्के उतरलं तर सूज ओसरते आणि काहींचे वणही मागं फिरतात. तुमच्यासाठी ते सहा ते आठ किलो, यजमानांसाठी पाच ते सात. सहा महिने, वर्ष लागू दे. उपास करून महिनाभरात उतरवायचं नाही, त्यानं लिव्हरला उलट त्रास होतो.

जेवणातून भाकरी काढा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. जोंधळ्याची भाकरी, हुलगे, मटकी, पालेभाजी, ताक हे आपलं जेवण चांगलंच आहे, फक्त भाताचा दुसरा वाढा थांबवायचा. बेळगावच्या माणसाचं लिव्हर जास्त करून चहाच्या कपात बुडतं असं माझं मत होत चाललंय. दिवसाला पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे दहा चमचे, चाळीस ते पन्नास ग्रॅम. महिन्याला एका माणसाच्या पोटात नुसत्या चहातून सव्वा ते दीड किलो साखर. ऊस पिकवणाऱ्या मुलखात साखरेची कुणाला भीती वाटत नाही, पण लिव्हर जादा साखरेची चरबी करून स्वतःतच साठवतं. या आठवड्यात एक चमचा कमी करा, पुढच्या महिन्यात दुसरा. कुंदा सणाला खा, घरात डबा भरून ठेवू नका. बिनसाखरेची कॉफी चालत असेल तर दिवसाला दोन कप खुशाल प्या, कॉफी पिणाऱ्यांत लिव्हरचे वण कमी दिसतात असं बऱ्याच अभ्यासांत आढळलंय.

आणि चालणं. आठवड्याला एकंदर दीडशे मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगानं. तुम्ही अनगोळच्या, व्हॅक्सिन डेपो तुम्हाला लांब नाही. सकाळी तिथं कितीतरी बायका साडीवर बूट घालून चालतात. लोक काय म्हणतील हा विचार त्यांनी घरी ठेवलेला असतो. यजमानांनाही घेऊन जा. गेला महिनाभर सगळं घर एकट्या तुमच्या ताटावर डोळा ठेवून आहे, हे तुमच्या पत्राच्या ओळीओळीत दिसलं. जाड माणसाला आजाराचं खापर डोक्यावर घेऊन बसायची सवय लागलेली असते. ते खापर तुम्ही आता खाली ठेवा. हा हिशेब दोघांचा आहे आणि त्यातला तातडीचा भाग तुमचा नाही.

यजमानांना हे कसं सांगायचं, हे मात्र तुम्हीच ठरवायचं. 'बघा, तुमचंच जास्त निघालं' असं म्हणालात तर ते पेपर तोंडापुढं धरतील. त्यांच्याच हातात कॅल्क्युलेटर द्या आणि आकडे तुम्ही वाचून दाखवा. दिवसभर मायक्रोमीटरनं माप घेणारा माणूस आहे, १.३ च्या पुढं १.६ गेला म्हणजे काय हे त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळेल.

अपॉइंटमेंटला जाताना शिबिराचे दोन्ही रिपोर्ट, जुना एखादा प्लेटलेटचा रिपोर्ट आणि शुगरच्या गोळीचं पाकीट घ्या. आणि सासऱ्यांचे कागद माळ्यावरच्या पेटीत कुठे असतील तर उतरवून बघा. डिस्चार्जची एक चिठ्ठी जरी मिळाली, अक्षर लागत नसलं तरी, तीही सोबत न्या.